मोतीबिंदू आणि कामाचा खाडा



आम्ही युनियनची माणसे, डॉक्टर नव्हे. पण मागावरच्या कामगारांना शस्त्रक्रियेला नेता-आणता जे पाहिले, तेवढे सांगतो.

तुटलेला धागा दिसेनासा होतो, तरी माणूस गप्प राहतो. काम जाईल ही धास्ती! त्यात ‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा जुना सल्ला. तो सोडा. फार पिकलेला मोतीबिंदू काढणे उलट अवघड.

आधी रक्तदाब, साखर तपासतात. डोळ्याचे माप घेऊन भिंगाचा नंबर ठरवतात. चालू औषधे सगळी सांगा, लघवीची गोळीसुद्धा, लाजू नका. शस्त्रक्रियेत बहुधा डोळाच बधिर करतात. माणूस जागा असतो. झगझगीत उजेड दिसतो, हत्यार दिसत नाही. पाव-अर्ध्या तासात गढूळ भिंग जाऊन कृत्रिम भिंग बसते.

खरी कसोटी पुढेच. आमचा एक साथी मजुरी बुडते म्हणून चौथ्या दिवशी मागावर गेला. कापसाची धूळ, त्यात डोळा चोळला. जंतू शिरले, नजर पुरती परतली नाही. आम्ही त्याला पाहिले होते, अडवले नाही.

म्हणून थेंब सांगितले तितके आठवडे घाला. पाणी, धूळ, ओझे टाळा. डोळा दुखू लागला, लाली वाढली, दिसणे घटले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. राज्य कामगार विमा असेल आणि अटी पुऱ्या होत असतील, तर आजारपणात सरासरी मजुरीच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. दाखला त्याच दिवशी लिहून घ्या. विमा नसलेल्यांनी आधी युनियनच्या कचेरीत यावे. खाड्याचे मालकाशी आम्ही बोलू.