पाणबुडे, पाणी आणि शार्क

शार्कच्या हल्ल्याचा विषय निघाला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम त्या माशाचे दात उभे राहतात. पाण्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः पाणबुड्याला शार्क वेळेवर दिसेल की नाही आणि शार्कला पाणबुड्याची चाहूल कशी लागेल, हे पाण्यावरच अवलंबून असते.

8 डिसेंबर 1963 रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात, ॲडलेड शहराच्या दक्षिणेकडील ऑल्डिंगा किनाऱ्यावर भाल्याने मासे मारण्याची स्पर्धा चालू होती. टिपलेल्या माशांचे रक्त पाण्यात मिसळत होते. रॉडनी फॉक्स हा स्पर्धक एका माशावर नेम धरीत असता मोठ्या पांढऱ्या शार्कने त्याला छातीपाशी जबड्यात धरले. त्याने शार्कच्या डोळ्यांवर आघात केले तेव्हा पकड सुटली. परंतु मारलेले मासे ज्या तरंडाला अडकवले होते, तो दोरीने त्याच्या अंगाशी बांधलेला होता. शार्कने तरंड गिळला आणि त्याबरोबर फॉक्सही खोल ओढला गेला. दोरी तुटली म्हणून तो वाचला. त्याच्या जखमांना साडेचारशेहून अधिक टाके घालावे लागले.

त्या काळी पाण्याच्या तापमानाविषयी एक नियम प्रचलित होता. सिडनीचे शल्यचिकित्सक व्हिक्टर कॉपलसन यांनी अनेक हल्ल्यांच्या नोंदी तपासून असे प्रतिपादन केले होते की, पाणी सुमारे 21 अंश सेल्सियसपेक्षा उबदार असेल तेव्हाच धोका असतो. स्नानार्थींच्या बाबतीत हा नियम बराचसा जुळे. कारण माणसे पोहायला उतरतात तीच मुळी उबदार पाण्यात. रबरी पोशाख घालून पाणबुडे थंड समुद्रात शिरू लागले, तेव्हा या नियमातील उणीव उघड झाली. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरील पाणी याहून कितीतरी थंड असते. तरीही तेथे पाणबुड्यांवर हल्ले झाले. पांढरा शार्क आपल्या शरीराचे काही भाग भोवतालच्या पाण्यापेक्षा उबदार राखू शकतो. थंडी त्याला अडवीत नाही.

मग पाण्याचा कोणता गुण महत्त्वाचा? पहिला, वहनाचा. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, तर पाण्यात सुमारे 1,500 मीटर. घायाळ माशाच्या तडफडीसारखे मंद कंपनांचे आवाज शार्कला दुरून आकर्षित करतात, हे नेल्सन व ग्रुबर या संशोधकांनी 1963 मध्ये दाखवून दिले. रक्ताचा वास प्रवाहाबरोबर पसरतो आणि शार्क त्याचा माग काढीत प्रवाहाच्या उलट दिशेने येतो. अगदी जवळ आल्यावर भक्ष्याच्या शरीराभोवतीचे क्षीण विद्युतक्षेत्रही त्याला जाणवते. वाळूत दडलेला मासा तो या संवेदनेने शोधतो, हे काल्मिन यांच्या 1971 च्या प्रयोगांवरून सिद्ध झाले.

दुसरा गुण पारदर्शकतेचा. पाणी गढूळ झाले की पाणबुड्याचे एकमेव भरवशाचे इंद्रिय, म्हणजे डोळे, निकामी होते. शार्कची इतर इंद्रिये मात्र काम करीतच राहतात. बुल शार्क तर नद्यांच्या मुखांशी गढूळ पाण्यात सहज वावरतो आणि गोड्या पाण्यातही दूरवर शिरतो. पहाटे व संध्याकाळी, अंधुक उजेडात, पाणी स्वच्छ असूनही अशीच स्थिती होते. पांढरा शार्क पुष्कळदा खालून वर झेपावतो. त्यामुळे पृष्ठभागावर तरंगणाऱ्या पाणबुड्याला तो दिसणे अवघड जाते.

या धोक्याचे प्रमाणही ध्यानात ठेवले पाहिजे. माणसाने चिथावणी न देता झालेल्या हल्ल्यांच्या नोंदी साऱ्या जगात मिळून वर्षाला साधारणतः शंभरांच्या आत असतात आणि त्यांतही पाणबुड्यांचा वाटा थोडाच असतो. तरीही काही नियम पाळणे इष्ट ठरते. मारलेला मासा अंगाशी बांधू नये. तो लगेच नावेत टाकावा. पुरानंतर नदीच्या मुखाशी बुडी मारू नये. पाणी गढूळ होऊ लागले किंवा उजेड मंदावला, तर हातातले काम अर्धवट टाकून वर यावे.

फॉक्स बरा होऊन पुन्हा समुद्रात उतरला. पुढे लोखंडी पिंजऱ्यात राहून पांढऱ्या शार्कचे निरीक्षण करण्याच्या पद्धतीचा तो एक प्रवर्तक ठरला. ज्या प्राण्याने त्याला मरणाच्या दारी नेले होते, त्याच्याच अभ्यासासाठी आणि संरक्षणासाठी त्याने नंतरची अनेक वर्षे वेचली.