काचेचे ओझे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'हमाल' हा शब्द आपण रेल्वे स्टेशनवर आणि मार्केट यार्डात रोज वापरतो. मूळचा तो अरबी. आमच्या घरात बोलल्या जाणाऱ्या उर्दूत 'हमल' म्हणजे गर्भ. बाई पोटात वाहते तो हमल आणि पाठीवर ओझे वाहतो तो हमाल. दोन्ही एकाच धातूची लेकरे. शब्दांची अशी नातीगोती शोधण्याचा मला नाद आहे. पण आज बोलायचे आहे ते कवितेबद्दल नव्हे, छायाचित्रांच्या ओझ्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, छायाचित्राला कसले आले ओझे? फोन खिशात असतो, काढला की झाले. खरे आहे. पण माझा एक छायाचित्रकार मित्र अजूनही चार बाय पाच इंची फिल्मचा, भात्यासारखा उघडणारा कॅमेरा घेऊन डोंगरात जातो. कॅमेरा, दोन-तीन भिंगे, डोक्यावर घ्यायचे काळे कापड, जाडजूड तिपाई, शिवाय फिल्मचे होल्डर. एका होल्डरमध्ये फक्त दोन फिल्म मावतात. म्हणजे दहा होल्डर पाठीवर मारले तरी चित्रे वीसच. त्याची पिशवी मी एकदा नुसती उचलून पाहिली आणि हळूच खाली ठेवली. तो म्हणतो, "ओझ्यामुळे मी नीट बघायला शिकलो. दहा पावलांवर थांबून टिपत सुटणे मला परवडतच नाही." हे बोलणे मला आवडते. दोन ओळींत सगळे सांगायचे असले की शब्द किती जपून वापरावे लागतात, ते गझल लिहिणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. तरीही ओझ्याच्या या कौतुकापाशी मी जरा अडखळतो. कारण सांगतो.

इंग्लंडात नॉटिंगहॅमला एका बँकेत कारकून असलेला सॅम्युएल बोर्न नावाचा तरुण नोकरी सोडून १८६३ साली हिंदुस्थानात आला. हिमालयाची छायाचित्रे काढायची हे त्याचे वेड. पुढे कोलकात्यात नावाजलेल्या आणि थेट २०१६ साली बंद पडलेल्या 'बोर्न अँड शेफर्ड' या फर्ममधला बोर्न तो हाच. त्या काळी निगेटिव्हवरून चित्र मोठे करून छापण्याची सोय नसल्यासारखीच होती. चित्र जेवढे मोठे हवे, तेवढीच मोठी काच कॅमेऱ्यात घालायची. बोर्नची काच बारा बाय दहा इंची. बरे, ती आजच्या फिल्मसारखी तयार मिळत नसे. जागेवर तंबू ठोकायचा, आत अंधार करायचा, काचेवर कोलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे. मग धावत तंबूत परतायचे आणि वाळायच्या आत ती धुऊन काढायची. सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. थर वाळला की चित्र गेले.

म्हणजे डोंगरावर चढायचा होता तो नुसता कॅमेरा नव्हे, अख्खी प्रयोगशाळा. काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, तबके, पाण्याची भांडी, तंबू. त्याशिवाय साहेबाचा बिछाना, त्याचे खाणेपिणे. १८६३ च्या उन्हाळ्यात तो सिमल्याहून निघाला तेव्हा हे सगळे वाहायला तीसएक माणसे होती. १८६६ साली तो स्पितीच्या बाजूला मणिरंग खिंडीत पोचला. उंची अठरा हजार फुटांहून जास्त. तिथे त्याने निगेटिव्ह काढल्या. एवढ्या उंचीवरची छायाचित्रे पुढे बरीच वर्षे दुसऱ्या कुणाला जमली नाहीत. त्याच सफरीत त्याने गंगोत्रीपलीकडे गोमुखही टिपले. चित्रे अप्रतिम आहेत, यात वाद नाही. दीडशे वर्षांपूर्वीचे बर्फ आजही डोळ्यांना गार लागते.

आता त्या तीस माणसांबद्दल. सिमल्याच्या आसपासच्या डोंगरी संस्थानांत 'बेगार' चालत असे. साहेब येणार म्हटले की मुखियाने गावातून माणसे काढून द्यायची. शेतात पीक उभे आहे की घरात कुणी आजारी आहे, ते विचारण्याची पद्धत नव्हती. ती पहाडी माणसे पाठीवर काचेच्या पेट्या घेऊन, पाय घसरेल का अशा वाटांनी चालत. काही जण रात्रीतून पळूनही जात. बोर्न आपल्या प्रवासाच्या हकिगती लंडनच्या 'ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी'ला पाठवत असे. तो लिहितो मोठे झकास, विनोदही करतो. एकदा अशीच मंडळी ओझी टाकून गेली, तर हाती दांडका घेऊन आपण त्यांना गावात कसे शोधून काढले आणि त्या दांडक्याचा कसा उपयोग केला, हेही त्याने तिथे लिहून ठेवले आहे. लाज म्हणून नव्हे, मजा म्हणून. दांडक्याचा मार खाऊन ज्यांनी पुन्हा पेट्या उचलल्या, त्यांना त्या काचांवर काय उमटणार हे ठाऊक होते का, कोण जाणे.

अमेरिकेत त्याच दशकात कार्लटन वॉटकिन्सने हे काम खेचरांवर टाकले. १८६१ साली तो योसेमिटीच्या दरीत गेला तो अठरा बाय बावीस इंची काचा घेऊन. एकूण सामान टनाच्या घरात. त्याची चित्रे वॉशिंग्टनपर्यंत पोचली आणि १८६४ च्या जूनमध्ये लिंकनने ती दरी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. ऐन यादवी युद्धात! खेचरांना अर्थातच त्यातले काही कळले नसणार.

त्याच दरीत १९२७ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हा पंचविशीतला तरुण 'हाफ डोम' नावाच्या अजस्र सुळक्यासमोरच्या कड्यावर चढला. तोवर कोरड्या काचा तयार मिळू लागल्या होत्या, अंधाराच्या तंबूची कटकट संपली होती. तरी साडेसहा बाय साडेआठ इंची कॅमेरा, भिंगे, फिल्टर, बारा काचा, असे अठरा किलोच्या आसपासचे ओझे त्याने स्वतःच्या पाठीवर घेतले होते. बर्फातून. कड्यावर उन्हाची वाट पाहून तो कॅमेरा लावतो तेव्हा काचा उरलेल्या फक्त दोन. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून काढली. काढताक्षणी त्याला जाणवले, समोरच्या पाषाणाने आपल्या मनात जे उभे केले ते यात येणार नाही, आकाश फिकट येईल. मग शेवटच्या काचेसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळे झाले आणि त्यापुढे तो सुळका उभा राहिला. 'मोनोलिथ' नावाने ते चित्र जगभर गाजले.

ओझ्याने बघणे शिकवले, असे अ‍ॅडम्सने म्हटले तर मी मान डोलावीन. माझ्या मित्राने म्हटले तरी. त्यांचा खांदा त्या बोलण्याला साक्ष आहे. बोर्ननेही थंडी सोसली, चढ चढला, नाही असे नाही. पण पेट्यांचा वळ त्याच्या पाठीवर उठलेला नव्हता.

बोर्नच्या काही चित्रांत माणसे दिसतात. कड्याची उंची कळावी म्हणून बसवलेली, तिळाएवढी. चित्र घ्यायला वेळ लागे, तेवढा वेळ त्यांनी हलायचे नाही. बोर्न आपल्या निगेटिव्हवर क्रमांक आणि स्वतःचे नाव घालत असे. त्यामुळे कुठले शिखर कुठल्या क्रमांकाचे, हे आज बिनचूक सांगता येते. चित्रातल्या माणसाचे नाव मात्र काही केल्या मिळत नाही.

बेगाऱ्यांची नावे लिहिली जात, नाही असे नाही, पण ती वेगळ्याच वहीत. तिकडे कुमाऊंमध्येही हीच प्रथा होती आणि तिथे गावोगावी 'कुली रजिस्टर' ठेवलेले असे. कुणाच्या घरातून किती माणूस ओझ्याला द्यायचा, त्याचा हिशेब. १९२१ च्या जानेवारीत बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत हजारो माणसे जमली, बद्रीदत्त पांडे यांच्यासारखे पुढारी बोलले, आणि मुखियांनी ती रजिस्टरे आणून शरयूच्या पाण्यात सोडून दिली.