दहा सेकंदांचा प्रश्न

(मंडळाच्या गणेशोत्सवातील ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



हैदराबादेत 'परसों' म्हणजे परवाच असे नाही, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना सांगायला नको. तो 'परसों' मागच्या महिन्यातला असतो, कधी मागच्या वर्षाचाही. 'दहा मिनिटांत आलोच' म्हणणाऱ्याची वाट पाहत आपण दोन इराणी चहा संपवतो आणि रागावत नाही. असे हे ऐसपैस वेळेचे शहर. पण चौरस्त्यावरचा लाल दिवा ९० पासून उलटा मोजू लागला की याच शहराचा धीर सुटतो. आकडा २० वर आला की मागून हॉर्न वाजतात, ५ वर आला की पुढच्या दुचाक्या निघालेल्याही असतात.

आज आम्ही, सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या वतीने, या दिव्याविषयी बोलणार आहोत. निमित्त घरचेच आहे. सुलतान बाजार, काचीगुडा, नारायणगुडा, बरकतपुरा या भागांतली आपली कितीतरी ज्येष्ठ मंडळी संध्याकाळच्या कार्यक्रमांना येईनाशी झाली आहेत. विचारले तर कुणी गुडघ्याचे कारण सांगते, कुणी डोळ्यांचे. जरा बोलते केले की खरे निघते, "यायचं हो, पण तो रस्ता कोण ओलांडणार?" चौकापलीकडचे व्याख्यान त्यांना पुण्याइतके लांब झाले आहे.

दुसरीकडे आपलीच मुले-सुना गच्चीबावलीहून गाडी चालवत घरी येतात ती सिग्नलला बोल लावतच. एक हिरवा मिळाला की पुढचा लाल, तो सुटला की त्यापुढचा लाल. त्यांचाही राग खोटा नाही. म्हणून आधी त्यांची बाजू पाहू.

सिग्नल ठरतो तो साध्या अंकगणिताने. चार रस्त्यांचा चौक घ्या. चारही बाजू एकेक करून सोडायच्या. दर वेळी दिवा बदलताना पिवळ्यात आणि गाड्या हलायला लागेपर्यंत साधारण ४ सेकंद वाया जातात असे धरू. १२० सेकंदांच्या एका फेरीत १६ सेकंद असे गेले, उरले १०४. प्रत्येक बाजूला हिरवा मिळाला २६ सेकंद आणि थांबणे झाले ९४ सेकंद. आता कुणी म्हणेल, फेरी मोठी करा, म्हणजे वाया जाणे कमी होईल. फेरी १८० सेकंदांची केली तर हिरवा ४१ सेकंद आणि थांबणे तब्बल १३९ सेकंद. मिळकत किती? १२० च्या ताशी ३० फेऱ्या होतात, म्हणजे एका बाजूला तासात ७८० सेकंद हिरवा. १८० च्या २० फेऱ्या, म्हणजे ८२० सेकंद. तासाभरात ४० सेकंदांचा फायदा, आणि त्यासाठी प्रत्येकाने दर वेळी पाऊण मिनिट जास्त उभे राहायचे! माणूस तेवढा थांबत नाही, मग तो दिवा तोडतो.

एका मागोमाग एक हिरवे दिवे मिळणेही असेच हिशेबाचे काम आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने ५०० मीटर जायला ६० सेकंद लागतात. पुढचा दिवा मागच्यानंतर बरोबर ६० सेकंदांनी हिरवा झाला की गाड्या सुरळीत निघतात. मधेच रस्त्यात गाड्या उभ्या असल्या किंवा बस आडवी थांबली की हा हिशेब कोलमडतो. हल्ली गर्दी पाहून आपोआप वेळ बदलणारे सिग्नल आले आहेत. गाड्यांच्या हालचालींवरून सिग्नलच्या वेळा सुचवण्याचा प्रकल्प गूगलने २०२३ मध्ये जाहीर केला, तेव्हा त्यातल्या शहरांत हैदराबादही होते. चांगली गोष्ट आहे. पण या सगळ्यात मोजल्या जातात त्या गाड्या. काठी टेकत उभ्या असलेल्या आजीबाई कोणत्याच मोजणीत येत नाहीत, आणि जे मोजले जात नाही त्याला सेकंद मिळत नाहीत.

आता त्यांचा हिशेब करू. रस्ता २४ मीटर रुंद आहे असे समजा. सिग्नल आखताना पायी माणसाची चाल सर्वसाधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे २० सेकंद पुरे. पण सत्तरीपुढच्या, गुडघेदुखीच्या माणसाची चाल ०.८ मीटर धरली तर त्याला ३० सेकंद लागतात. भांडण काय ते या दहा सेकंदांचे आहे. त्यातून 'फ्री लेफ्ट'च्या गाड्या थांबतच नाहीत, त्यामुळे कागदावर मिळालेले २० सेकंदही हाताशी लागत नाहीत.

गेल्या काही वर्षांत शहरात बरेच चौक बंद करून पुढे यू-टर्न दिले, उड्डाणपूल बांधले. गाड्या सुटल्या. पण जिथे दिवा गेला तिथे गाड्यांची रांग तुटेनाशी झाली, आणि पायी माणसाला रस्त्यात उतरायची फटच उरली नाही. गाडीत बसल्यावर आपल्याला लाल दिवा वैरी वाटतो, खाली उतरलो की तोच आपला रखवालदार असतो. माणूस एकच, जागा बदलते.

आणि हा दिवा मुळात लावला होता तोही पायी चालणाऱ्यांसाठी. १८६८ च्या डिसेंबरात लंडनमध्ये पार्लमेंटजवळ जगातला पहिला रस्त्यावरचा सिग्नल उभा राहिला. जे. पी. नाइट या रेल्वे अभियंत्याची ती कल्पना. घोडागाड्यांच्या गर्दीतून लोकांना रस्ता ओलांडता यावा म्हणून रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे, आणि ते फिरवायला हवालदार. महिन्याभरातच गॅसचा स्फोट होऊन तो हवालदार भाजला आणि प्रयोग थांबला. पुढे विजेचे दिवे आले, मोटारी वाढल्या आणि ज्याच्यासाठी दिवा लावला तो माणूस हिशेबातून मागे पडला.

यावर उपाय नाहीत असे नाही. एक, जिथे जमेल तिथे सर्व बाजू लाल ठेवून पायी लोकांसाठी स्वतंत्र वेळ. दोन, बटण दाबल्यावर गाड्या थांबवणारा पेलिकन सिग्नल. टँक बंडसारख्या ठिकाणी तो आपण पाहिला आहे. तीन, सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दुभाजकात उभे राहायला धड जागा. २४ मीटर एका दमात जाण्याऐवजी १२-१२ मीटर दोन टप्प्यांत जायचे. मग हळू चालणाऱ्यालाही दर टप्प्याला १५ सेकंद पुरतात. आणि चौथा उपाय आपल्या दारात आहे. मेट्रोची हिरवी मार्गिका २०२० पासून नारायणगुडा, सुलतान बाजारवरून जाते. गाडीत बसायचे नसले तरी स्थानकाच्या पुलावरून पलीकडे जाता येते, जिन्याऐवजी लिफ्ट आहे. आपल्या ज्येष्ठांना एकदा बरोबर नेऊन ती वाट दाखवायला हवी.

आता करायचे काय, ते सांगतो. नुसते 'सिग्नल वाईट आहे' असे लिहिलेल्या अर्जाला उत्तर येत नाही; आकड्यांच्या अर्जाला येण्याची शक्यता असते. विसर्जन झाल्यावर पहिल्या रविवारी आणि त्यानंतरच्या कामाच्या एका दिवशी, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, आपण आपल्या जवळच्या एका चौकात घड्याळ घेऊन उभे राहू. हिरवा किती, लाल किती, रस्ता किती मीटर, तासाभरात किती माणसे पायी ओलांडतात, त्यांत साठीपुढची किती, हे लिहून काढू. मग तेलुगू आणि इंग्रजीत अर्ज, त्यावर सर्वांच्या सह्या आणि एकच नेमकी मागणी: इथे दहा सेकंद वाढवा, किंवा दुभाजकात जागा द्या.

तरुण सभासदांकडून आणखी एक मागणे आहे. अर्ज मंजूर व्हायला वेळ लागेल. पण पांढऱ्या पट्ट्यामागे गाडी थांबवायला कुणाच्या मंजुरीची गरज नाही. आकडा शून्यावर येऊ द्या, समोरचा माणूस पलीकडे पोचू द्या, मग निघा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.

घड्याळ घेऊन यायला जे तयार असतील त्यांनी आपली नावे आरतीनंतर मंडळाच्या कार्यालयात द्यावीत. सहा जण मिळाले तरी एक चौक पुरा होतो.

गणपती बाप्पा मोरया!