शागीर्दाच्या खिशात पेन्सिलही हवी

(कराड येथे आयटीआयचे विद्यार्थी, शिकाऊ उमेदवार आणि पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



भावांनो, बहिणींनो, आपल्या घरांत कारागिरीची वाण नाही. गॅरेज म्हणा, वेल्डिंग म्हणा, वायरिंग म्हणा, प्रत्येक मोहल्ल्यात एखादा उस्ताद आणि त्याचे दोन-तीन शागीर्द असतातच. कमी पडते ती पुढची पायरी. देशाच्या लोकसंख्येत आपण २०११ च्या जनगणनेनुसार १४.२ टक्के; उच्च शिक्षणातल्या २०२०-२१ च्या सरकारी पाहणीत मुस्लिम विद्यार्थी ४.६ टक्के. या फरकामागे गरिबी आहे, भेदभाव आहे. पण ‘आयटीआय केलं म्हणजे कॉलेज संपलं’ हा आपला समजही आहे. आज त्याबद्दलच बोलतो.

कॉलेज संपत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केला, तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी अर्ज करता येतो. पदविका झाली की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. तिथे सीईटी नाही, पदविकेचे गुण बघतात. हिशेब करा. बारावीच्या वाटेनं दहावीनंतर सहा वर्षं, आयटीआयच्या वाटेनं सात. मध्ये एक वर्ष कंपनीत शिकाऊ उमेदवारी केली, विद्यावेतन घेतलं, तर आठ. एका-दोन वर्षांचा फरक, आणि हातात हुन्नर. शिवाय या दोन्ही संस्था, शासकीय तंत्रनिकेतन आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, आपल्या कराडातच आहेत.

पण ही वाट अर्ज भरतानाच बंद होऊ शकते. डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा, मोटार मेकॅनिक दोन वर्षांचा. वेल्डर एक वर्षाचा, फिटर दोन वर्षांचा. थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता दोन वर्षांच्या ट्रेडला आहे. गॅरेजात वाढलेला मुलगा ‘लवकर सुटतो’ म्हणून डिझेल घेतो आणि नकळत दार लावून घेतो. मुलींचं तर आपणच लावतो. ‘घरी बसून करता येईल’ म्हणून शिवणकाम. तोही एक वर्षाचाच. शिवणकाम कमी दर्जाचं नाही. पण इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स, ड्राफ्ट्समन हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत हे तिला कुणी सांगितलं का? निवड तिची असू द्या, माहिती पूर्ण द्या.

दुसरी अडचण गणिताची. थेट दुसऱ्या वर्षाला बसणाऱ्याचं पदविकेचं पहिलं वर्ष झालेलंच नसतं आणि त्या वर्षाचं गणितही सुटलेलं असतं. पुढे डिग्रीला पुन्हा तेच. तिथे हुशार कारागीर गळतो आणि म्हणतो, ‘आपलं डोकंच नाही.’ डोकं आहे. लेथवर टेपर काढणारा टर्नर काय करतो? मोठा व्यास ४० मिलिमीटर, छोटा ३०, लांबी ५०. दोन व्यासांतला फरक १०, त्याला लांबीच्या दुपटीनं म्हणजे १०० नं भागलं की ०.१. टॅन ज्याचा ०.१ तो कोन साधारण ५ अंश ४३ मिनिटं; तेवढा कंपाउंड रेस्ट फिरवला की टेपर बरोबर येतो. ही त्रिकोणमितीच आहे. पुस्तकात तीच अनोळखी वाटते, कारण वहीवर उतरवायची सवय मोडलेली असते.

म्हणून तयारी उमेदवारीच्या वर्षातच व्हावी, प्रवेश मिळाल्यावर नव्हे. रोज एक तास गणित, आठवड्यातून दोनदा ड्रॉइंग. मशीनचं माहितीपत्रक इंग्रजीत वाचा आणि मराठीत समजावून सांगा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर वेळेत अर्ज करा.

हे एकट्यानं होत नाही. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली ती याच तालुक्यातल्या काले गावात. पुढे ‘कमवा आणि शिका’ हा त्या संस्थेचा श्वास झाला. आपल्याकडे जमातखान्याची खोली आहे, पंखे आहेत, दिवे आहेत. इशाच्या नमाजनंतर ती रिकामी असते. गावात इंजिनिअरिंगची मुलं-मुली राहतात. त्यांना शिकवायला बोलवा, मग ती कोणत्याही धर्माची असोत. मुलींसाठी वेळ संध्याकाळची ठेवा.

आणि उस्तादांना हात जोडून विनंती: परीक्षेच्या महिन्यात शागीर्दाला दोन तास आधी सोडा. तुमचं नाव तो बुडवणार नाही.