देण्याची मुदत
(मंदिर जीर्णोद्धार समारंभानिमित्त सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवळाच्या समारंभात कर्जाचा विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. परंतु विठ्ठलाच्या दारी हा विषय नवा नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे उपाशी लोकांसाठी उघडली. लोक वाचले, पण धान्याची रक्कम सरकारात भरायची राहिली. पुण्याचे काम झाले, आता देणे बुडाले तर बुडू द्या, असे देवाने म्हटले नाही. विठू महाराच्या रूपाने तो बिदरला गेला, रक्कम भरली आणि पावती घेऊन आला, असे कीर्तनकार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. प्रत्यक्ष देवालाही पावती घ्यावीशी वाटली, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आपल्या नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडकडे संत्रा, रामटेक-मौद्याकडे धान. पीक निराळे असले तरी मृग लागला की हात सगळ्यांचाच रिकामा. बँकेचे आणि सोसायटीचे कर्ज कागदोपत्री असते, त्याच्या वसुलीचे मार्ग निराळे, आणि २००८, २०१७ व २०१९ साली जाहीर झालेल्या कर्जमाफ्याही त्याच कर्जांच्या होत्या. खरी अडचण हातउसन्याची. ते शेजाऱ्याने भिडेखातर दिलेले असते, व्याज नसते, आणि पुरावा म्हणजे वहीच्या पानावर लिहिलेली एक चिठ्ठी.

समजा, एका कास्तकाराने १२ जूनला बियाण्या-खतासाठी शेजाऱ्याकडून ४०,००० रुपये घेतले. शेजारीही काही सावकार नव्हे, बैलजोडी विकून त्याच्या हाती पैसा आला होता. पहिल्या साली पाऊस दडी मारून बसला, दुसऱ्या साली भाव पडला. आता तिसरे साल संपत आले आहे. १९६३ चा मुदतीचा कायदा १ जानेवारी १९६४ पासून लागू आहे आणि त्याप्रमाणे अशा उसन्या पैशासाठी रक्कम दिल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. म्हणजे यंदाचा १२ जून उलटला की शेजाऱ्याला कोर्टाचा दरवाजा बंद. पुढे त्याने दावा लावलाच, तर समोरच्याने हरकत घेतली नाही तरी कोर्टाला तो काढून टाकावा लागतो. पेरणीसाठी घेतलेल्या पैशाची मुदत पेरणीच्या दिवसांतच संपते. त्यामुळे देण्याची इच्छा असली तरी त्या दिवसांत खिशात दमडी नसते.

अशा वेळी चहाच्या टपरीवर सल्ला मिळतो. वकिलांच्या बारपेक्षा तेथे कायदा जास्त बोलला जातो. सल्ला असा, की चार महिने गप्प बस, त्याच्या घरावरून जाऊ नको, एक रुपया देऊ नको आणि कशावर सही करू नको. दुर्दैव असे की कायद्याच्या दृष्टीने हा सल्ला चूक नाही. मुदतीच्या आत थोडी रक्कम देऊन तशी सही केली, किंवा इतके देणे आहे असे सहीनिशी लिहून दिले, तर त्या दिवसापासून तीन वर्षे पुन्हा मोजली जातात. सल्ला देणाऱ्याला हे बरोबर ठाऊक असते. मग तो कास्तकार देवळात भजनाला येतो तेव्हा दुसऱ्या खांबाआड बसतो. आणि शेजारी? तो विचारायला लाजतो. विचारले नाही तर पैसा जातो आणि दावा लावला तर शेजार जातो.

मुदतीचा हा कायदा लबाडाच्या सोयीसाठी झाला, असे मात्र कोणी समजू नये. १८५९ साली इंग्रज सरकारने कर्जरोख्यांना तीन वर्षांची मुदत घातली ती व्याजावर व्याज साचू नये म्हणून. पुणे-नगरकडच्या सावकारांनी त्यातूनही वाट काढली. दर तीन वर्षांनी ते नवा रोखा लिहून घेत आणि साचलेले व्याज मुद्दलात घालत. कुणब्याला आपले मूळ कर्ज किती होते हेही आठवेनासे झाले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोक उठले आणि पुढे गावोगाव रोखे व वह्या जाळल्या गेल्या. त्यातूनच १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. आपल्याकडे नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी असताना १९३३ साली कर्जतडजोडीचा कायदा झाला आणि ठिकठिकाणी तडजोड मंडळे बसली. तेथे धनको व ऋणको दोघांनाही समोरासमोर बसवीत, रक्कम ठरवीत आणि हप्ते पाडीत. १९७५ च्या कर्जमुक्ती कायद्याने तर राज्यातील लहान शेतकरी, भूमिहीन मजूर आणि कारागीर यांची सावकारी कर्जेच उतरवली. त्या कायद्याने ज्यांची कर्जे गेली त्यांनी मान खाली घालण्याचे कारण नव्हते. आजही परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याविरुद्ध २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते. दिढीने धान्य वसूल करणारा आणि बैल विकून आलेला पैसा बिनव्याजी देणारा शेजारी यांना एकाच तराजूत घालणे हा अन्याय होय.

कोणी म्हणेल, तुकोबांनी नाही का कर्जाचे कागद इंद्रायणीत बुडवले? बुडवले. परंतु ती खते लोकांकडून येणे असलेल्या पैशाची होती. घरचा व्यवहार वाटून धाकट्या भावाचा हिस्सा त्याला दिल्यावर आपल्या वाटणीची खते त्यांनी पाण्यात सोडली, असे चरित्रकार सांगतात. येणे सोडून देणे हा ज्याचे येणे असेल त्याचा अधिकार. घेणाऱ्याला आपली चिठ्ठी नदीत बुडवता येत नाही.

आणि मुदत संपली म्हणजे देणे संपले, असे कायदाही म्हणत नाही. बॉम्बे डाइंग गिरणीच्या खटल्यात, कामगारांनी न नेलेल्या पगाराच्या रकमांसंबंधी, सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली स्पष्ट केले की मुदतीने वसुलीचा मार्ग बंद होतो, देणे नाहीसे होत नाही. १८७२ च्या कराराच्या कायद्यातही तीच जाण आहे. मुदत गेलेले देणे फेडीन असे एखाद्याने सहीनिशी लिहून दिले, तर नवीन मोबदला काही नसताही तो करार पक्का धरला जातो. कोर्टाने सोडलेले देणेही माणूस आपणहून पुन्हा अंगावर घेऊ शकतो, अशी सोय त्या कायद्याने दीडशे वर्षांपूर्वी करून ठेवली आहे.

२०१९ साली केनियाचे खासदार असलेले रिचर्ड टोंगी हे १९८५ ते १९८९ या काळात औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, शिकत होते. राहत्या जागेजवळच्या किराणा दुकानदाराचे २०० रुपये त्यांच्याकडे राहिले. त्या देण्याला पुष्कळ वर्षे लोटली होती. परंतु जुलै २०१९ मध्ये ते भारतात आले तेव्हा पत्नीला बरोबर घेऊन, पत्ता शोधीत त्या दुकानदाराच्या घरी पोचले. ही हकीकत त्या वेळी वर्तमानपत्रांतून आली होती. खासदाराला दोनशे रुपये जड नव्हते, हे खरे. आपल्या कास्तकाराला चाळीस हजार जड आहेत, आणि नेमक्या याच ठिकाणी विचार अवघड होतो.

ज्याच्याकडे खरोखर नाही, त्याने १२ जूनच्या आधी शेजाऱ्याच्या ओसरीवर जावे आणि इतके देणे आहे, एवढे लिहून तारखेसह सही करून द्यावी. त्यात त्याचा पैसा जात नाही. शेजाऱ्याला दावा लावण्याची घाई राहत नाही, तीन वर्षे मिळतात आणि मृग संपून दिवाळी येते, संत्र्याचा बहार येतो. दोन हजार जमले तर दोन हजार द्यावे. ज्याच्याकडे आहे आणि जो केवळ तारीख मोजत बसला आहे, त्याच्याविषयी या सभामंडपात काय बोलावे?

येथे देणगीचा विषय निघणारच. पाटीवर नाव लागावे म्हणून ५,००१ रुपये देणारा आणि शेजाऱ्याचे चाळीस हजार मुदतीबाहेर जाऊ देणारा माणूस एकच असू शकतो. समितीने लोकांच्या चिठ्ठ्या तपासाव्यात असे नव्हे, पंचांचे ते काम नाही. पण देणगी पुढच्या वर्षी दिली तरी चालते. कळसाचा रंग थांबतो, शेजाऱ्याचा १२ जून थांबत नाही. मंदिराचे काम जरा लांबले म्हणून विठोबा रुसल्याचे ऐकिवात नाही, तो तर युगानुयुगे विटेवर उभाच आहे.

माता-भगिनींनी एक गोष्ट घरी विचारावी. कर्ता पुरुष अचानक गेला तर त्याचे देणे त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून फेडायचे असते, आणि त्याचे येणे वारसांना मागता येते. मृत्यूने तीन वर्षांची मोजणी थांबत नाही. पुष्कळ घरांत चिठ्ठी पेटीच्या तळाशी सापडते ती वर्षश्राद्धाच्या सुमारास, आणि तोवर तारीख गेलेली असते. ज्याने पैसे दिले तोच हयात नसेल तर रक्कम त्याच्या बायको-मुलांच्या हाती, चार माणसांदेखत द्यावी. मूळ चिठ्ठी परत घ्यावी, तिच्यावर रक्कम पावल्याचे लिहून सही घ्यावी, आणि रक्कम पाच हजारांवर असेल तर पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लावण्यास विसरू नये.

जय हरी विठ्ठल.