फोन वाजायच्या आधी : इंडोनेशियातला 'स्मोंग'

आजचा भाग एका शब्दाबद्दल आहे, 'स्मोंग'. इंडोनेशियात सुमात्राच्या पश्चिमेला सिमेउलुए नावाचं बेट आहे. तिथले लोक त्सुनामीला स्मोंग म्हणतात. १९०७ साली तिथे मोठी लाट आली, खूप माणसं गेली. जी वाचली त्यांनी पोरांना सांगितलं, पोरांनी नातवंडांना: जमीन जोरात हलली, समुद्र मागे सरला, की काही गोळा करत बसायचं नाही, डोंगराकडे पळायचं. गाण्यांतून सांगितलं, आजीच्या गोष्टींतून सांगितलं. जवळजवळ शंभर वर्षं!

मग उजाडला २६ डिसेंबर २००४. भूकंप या बेटाजवळच झाला, दहाएक मिनिटांत लाट किनाऱ्यावर. बेटावर सत्तर हजारांहून जास्त लोक होते आणि मृत्यू झाले ७. समोरच्या आचे प्रांतात दीड लाखाच्या वर माणसं गेली. तुलना अगदी बरोबरीची नाही, कारण आचेतल्या लाटा फार उंच होत्या आणि वस्तीही दाट. तरी ७ हा आकडा विसरता येत नाही.

यानंतर इंडोनेशियाने इशारा देणारी यंत्रणा उभारली. २००८ मध्ये ती सुरू झाली. चांगली गोष्ट आहे, गरजेचीच आहे. पण यंत्राला भूकंप मोजून इशारा काढायला काही मिनिटं लागतात, आणि इथे समुद्र तेवढीही मिनिटं देईलच असं नाही. २०१८ च्या सप्टेंबरात पालू शहरात तेच झालं. इशारा निघाला होता. पण वीज गेलेली, मोबाईलचे टॉवर बंद, आणि खाडीतली लाट काही मिनिटांतच आत शिरली. हातात फोन असून उपयोग काय?

म्हणून तिथे आता वीस-वीस-वीस शिकवतात. हादरा २० सेकंद टिकला तर समजा, साधारण २० मिनिटांत लाट येऊ शकते, आणि २० मीटर उंचीवर जा. स्मोंगच हा, फक्त आकड्यांत.

आणि जायचं ते पायी. ११ एप्रिल २०१२ ला आचेजवळ ८.६ चा भूकंप झाला, तेव्हा बांदा आचेमध्ये सगळे बाईक आणि गाड्या घेऊन निघाले. रस्ते तुंबले. मोठी लाट आली नाही हे नशीब.

एक अडचण मात्र आहे. डिसेंबर २०१८ मध्ये अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीचा कडा समुद्रात कोसळला आणि रात्री लाट आली. आधी जमीन हललीच नाही. चारशेहून जास्त लोक गेले. अशा वेळी स्मोंगही पुरत नाही, तिथे समुद्रावर नजर ठेवणारी यंत्रंच हवीत.

तुमच्यापैकी बरेच जण बालीला जातात, रील्स दिसतात आम्हाला! बालीच्या दक्षिणेलाही मोठे भूकंप होऊ शकतात. कुटासारख्या सपाट भागात टेकडी जवळ नाही, तेव्हा मजबूत काँक्रीटच्या हॉटेलचे वरचे मजले हाच आसरा. रस्त्यावर 'जालुर एवाकुआसी' अशी पाटी दिसली तर ती बाहेर पडायची वाट. आणि वर गेलात की पहिली लाट ओसरली म्हणून लगेच खाली उतरू नका. पुढची लाट मोठी असू शकते, आणि लाटा काही तास येत राहतात.