न शिवता माप

लांबून आलेल्या डिजिटल होलोग्राफीच्या संशोधकांनो, आणि आज शेड बंद ठेवून आलेल्या उद्यमनगरातल्या माझ्या मित्रांनो, कोल्हापुरात आपलं मनापासून स्वागत.

स्वागताध्यक्षपद घ्या म्हणाले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी आयटीआयचा टर्नर. माप म्हणजे मायक्रोमीटर, डायल गेज आणि सरफेस प्लेटवरची निळी शाई, एवढंच मला ठाऊक. जॉब, म्हणजे घडवलेला भाग, प्लेटवर घासायचा. निळं लागलं तिथं उंचवटा. पण यात जॉबला शिवावं लागतं, पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमवर ओरखडा उठतो, आणि डायल एका वेळी एकच बिंदू सांगतो.

तुमचा डिजिटल होलोग्राम अख्खा पृष्ठभाग एकदम टिपतो. लेझरच्या किरणाचे दोन भाग करायचे. एक जॉबवरून परतून कॅमेऱ्यावर, दुसरा थेट. दोघं भेटले की पट्टे उमटतात. साध्या फोटोत फक्त उजेड-अंधार येतो. प्रकाश किती लांबून आला ते हरवतं. ते या पट्ट्यांत राहतं, आणि संगणक त्यावरून उंची काढतो.

१९४७ मध्ये होलोग्रामची कल्पना सुचलेले डेनिस गॅबर तेव्हा विद्यापीठात नव्हते, इंग्लंडमधल्या रग्बीच्या एका विद्युत कंपनीत होते. कारखानदारांनो, हे लक्षात ठेवा! पुढं कित्येक वर्षं काचेच्या प्लेटा अंधाऱ्या खोलीत धुवाव्या लागत. १९९४ मध्ये ब्रेमेनच्या श्नार्स आणि युप्टनर यांनी होलोग्राम थेट कॅमेऱ्याच्या सीसीडी चिपवर घेऊन प्रतिमा गणितानं उभी केली.

एक अडचण मात्र मला फार आवडली. ६३२.८ नॅनोमीटरच्या लाल लेझरनं मोजताना दर ३१६ नॅनोमीटर उंचीला पट्टे पुन्हा पहिल्यासारखे दिसतात. घड्याळाचा नुसता मिनिटकाटा दिसावा तसं: वाजून पाच झाले कळतं, पण किती वाजून? उपाय दुसऱ्या लाल रंगाचा. ६३२.८ आणि ६३५ ही जोडी मिळून जणू ०.१८ मिलिमीटरची एकच लहर होते; मग ०.०९ मिलिमीटरपर्यंतची पायरी न चुकता वाचता येते. रंग जितके जवळ, तितकी मोजपट्टी लांब. पण चूकही तितकीच ताणली जाते. फुकट काही मिळत नाही, हे आम्हाला नवीन नाही.

आता यजमानाचं गाऱ्हाणं. तुमची टेबलं हवेवर तरंगतात. आमच्याकडं शेजारी पॉवर हॅमर पडत असतो, आणि तुमचे पट्टे तर मायक्रोनच्या अंशाएवढ्या हादऱ्यानं पुसले जातात. फार छोट्या स्पंदाचा लेझर वापरून यातून वाट निघते म्हणतात. चर्चा त्यावर जास्त व्हावी, असं मला वाटतं.

उद्या दुपारी शिरोलीला माझ्या कारखान्यात या. पंपाची एक पायरीदार प्लेट काढून ठेवली आहे. आमच्या इन्स्पेक्टरनं तिचं माप घेऊन चिठ्ठी बंद पाकिटात घातलीय. तुमचं यंत्र लावा, आकडा फळ्यावर लिहा, मग पाकीट फोडू. हॅमर मात्र चालूच राहील.